हस्त, राउटर आणि "आव" : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, वाड्यातल्या लाकडी हस्तांवर (तुळईला खालून आधार देणाऱ्या कोरीव तुकड्यांवर) मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की मूळ वाड्यात प्रत्येक हस्त थोडा वेगळा होता आणि मी एकाच हस्ताची संगणकावर फाइल करून सगळे राउटरने, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीव कामाच्या यंत्राने, एकसारखे कापले. आतले कोपरे गोल आले. पॉलिश फार चमकतं. आणि मग हे शेवटचं वाक्य : "घरात खेळणं आणून सुताराच्या पोटावर पाय द्यायचा आणि वर वारसा जपल्याचा आव आणायचा, हे बंद करा."

हे शेवटचं वाक्य नसतं तर पहिल्या तीन गोष्टींवर आपण चहा घेत बोललो असतो. "बंद करा" हा हुकूम तुम्ही कोणत्या नात्याने देता? माझ्या कामाचा पैसा तुम्ही दिला नाही, लाकूड तुमच्या घरचं नाही आणि वाडा पाहायला तुम्ही आला नाहीत.

तरी जे खरं ते खरं. कोपऱ्यांबद्दल तुम्ही बरोबर आहात. ३ मिमी व्यासाची गोल टोकाची बिट (यंत्राचं फिरतं पातं) आतल्या कोपऱ्यात दीड मिमीची गोलाई सोडणारच, यंत्र कितीही महागाचं असो. लेखातले फोटो पटाशी लावण्याआधीचे आहेत, असं फोटोखाली लिहिलेलं आहे. अक्षर बारीक आहे, एवढं मान्य.

आता पोटावरच्या पायाबद्दल.

माझे आजोबा सुतार होते. बंडीची चाकं, वखर, डवरे, तिफणी ही वर्षभराची कामं, आणि हंगाम संपला की कास्तकारांच्या घरून धान्याचं बलुतं. चौकटीवरची गणेशपट्टी आणि तुळईखालचे हस्त ही कामं मालगुजाराच्या वाड्यातून यायची. १९५१ साली मालगुजारी गेली आणि नव्या वाड्यांचं काम थांबलं. मग टायरची बंडी आली, लोखंडी वखर आला, ट्रॅक्टर आला. माझ्या बाबांच्या हातात नक्षी होती, आजोबांनी ती शिकवली होती. करवून घेणारा मात्र कोणी उरला नाही आणि बाबांनी आयुष्य आरा मशीनवर काढलं. तेव्हा सुताराच्या पोटाचं मला कोणी शिकवू नये. ते पोट माझ्या घरचं आहे. त्यावर पाय पडला तेव्हा राउटर हा शब्दही आमच्या गावात पोचला नव्हता.

या वाड्यात नेमकं काय चाललं होतं तेही ऐका. भाऊबंदकीत वाटण्या झालेल्या, एक बाजू पडलेली, उरलेल्या ओसरीची तुळई वाकलेली. मालकाने ठरवलं होतं की जुने हस्त काढायचे, लोखंडी अँगल वेल्ड करायचे आणि वरून सिमेंट मारायचं. त्या जागी कोणताही सुतार बसणार नव्हता, कारण अख्खा हस्त हाताने कोरण्याची मजुरी देण्याची मालकाची तयारी नव्हती आणि ऐपतही नव्हती. यंत्राने भरड कोरकाम केल्यामुळे खर्च आवाक्यात आला. आणि म्हणूनच आमच्या गावच्या सुतारकाकांना कितीतरी वर्षांनी नक्षीचं काम मिळालं. पहिला हस्त समोर ठेवला तेव्हा ते म्हणाले, "खड्डा तुही मशीन करते, पाकळी मले उघडू दे." प्रत्येक पाकळीची कड, प्रत्येक आतला कोपरा त्यांच्या पटाशीचा आहे. त्यांना रोजी मिळाली. हस्ताच्या टोकाला लटकणारं केळफूल तर तीन अक्षांच्या यंत्राला एका बैठकीत येतच नाही, कारण बिट वरूनच उतरते, खाली वळलेल्या भागाला शिवत नाही. ते काकांनी वेगळं घडवून बसवलं. यात कोणाच्या पोटावर पाय पडला, हे तुम्ही सांगा. मला दिसत नाही.

"खेळणं" म्हणालात. शाबूत हस्ताचे चारी बाजूंनी फोटो काढून संगणकावर त्याचा आकार उभा करायचा, ६ मिमीच्या बिटने भरड माल काढायचा, मग बारीक बिटने ०.३ मिमी सरकत सरकत शेवटच्या फेऱ्या मारायच्या. एवढ्या जवळून फेऱ्या मारल्या तरच दोन फेऱ्यांमधला उंचवटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत राहतो आणि पॉलिश पेपर कमी लागतो. ३०० बाय २०० मिमीच्या तुकड्याला नुसत्या या फेऱ्या दीड-दोन तास घेतात. मध्येच गावची लाइन गेली की मोटर कुठे थांबली ते यंत्राला कळत नाही, पुन्हा शून्य (मापाची सुरुवातीची जागा) धरावं लागतं आणि ते केसभर चुकलं तर लाकूड वाया. सागात सिलिका असते, ती साध्या बिटची धार पाहता पाहता खाते, म्हणून कार्बाइड या कठीण धातूची बिट. पडलेल्या भागातलंच जुनं सागवान वापरायचं म्हटलं तर पोटात लोहाराचे खिळे असतात. आधी लोहचुंबक फिरवायचं, तरी खोलातला एखादा सापडायचा तो बिट मोडूनच. मी हे काम माझ्या कमाईतून, शेडमध्ये, उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहून केलेलं आहे. हा खेळ नाही.

आणि यंत्राने कोरलं म्हणजे भ्रष्टलं, असा सूर असेल तर एक जुनी गोष्ट सांगतो. लंडनचं पार्लमेंट १८३४ मध्ये जळालं. ते पुन्हा बांधताना टॉमस जॉर्डन यांचं नक्षी कोरण्याचं यंत्र वापरलं गेलं, त्याचं पेटंट १८४५ चं. भरड काम यंत्राने आणि शेवटचा हात कारागिराचा, तिथेही हीच वाटणी होती. इकडे नागपूरच्या महालातला भोसल्यांचा राजवाडा, काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीने भरलेला, १८६४ मध्ये जळाला आणि मोठा दरवाजा तेवढा उरला. त्यातला एक हस्त आज पुन्हा घडवायचा म्हटलं तर कोणी कशावरून घडवावा? माझ्या संगणकात या वाड्याच्या एका हस्ताचं पूर्ण माप आहे. उद्या ओसरीही पडली तरी ते राहील. याला तुम्ही आव म्हणता, आणि हा शब्द मला खरोखर लागला. मी याला काम म्हणतो.

सगळे हस्त एकसारखे का, याचं उत्तर सोपं आहे : शाबूत एकच होता, बाकीच्यांचं तोंड वाळवीने खाल्लेलं. जे उरलंच नाही त्याची मनाने नक्षी काढणं मला पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर तो वेगळा वाद, त्यात मी आत्ता शिरत नाही.

पॉलिशही नाही ते, जवसाचं तेल आहे. मुरलं की चमक उतरते.

कोणाला हस्ताची मापं किंवा फाइल हवी असेल तर खाली लिहा, पाठवतो. तुम्हालाही पाठवीन, भाऊ, मागितलीत तर. पण "बंद करा" अशा भाषेत पुन्हा लिहिलंत तर उत्तर मिळणार नाही.