डॉलर-येन: व्याजातला फरक तसाच, मग येन उसळला कसा?

'ज्या देशात व्याज जास्त, त्याचं चलन वर' असं सर्रास सांगितलं जातं. चूक नाही, पण अपुरं आहे. डॉलर-येनची २०२४ची उलाढाल नीट पाहिली की कळतं.

आधी एक खुलासा, कारण इथेच बरेच जण गडबडतात. डॉलर-येन म्हणजे एका डॉलरला किती येन. तो १५० वरून १६० झाला म्हणजे येन पडला. एका डॉलरला दहा येन जास्त मोजावे लागले.

मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं व्याजदर जवळपास शून्यावरून ५.२५-५.५० टक्क्यांवर नेला. बँक ऑफ जपान मात्र मार्च २०२४ पर्यंत उणे ०.१ टक्क्यावरच बसून राहिली. त्यात जपान तेल आणि गॅस जवळजवळ सगळा बाहेरून आणतो, तोही बहुतांशी डॉलर मोजून. २०२२ मध्ये इंधन भडकलं तशी तिथली डॉलरची मागणी वाढली. वर्षाच्या सुरुवातीला ११५च्या आसपास असलेला दर जुलै २०२४ मध्ये १६१च्या वर गेला. इथवर नियम बरोबर चालला.

आता कॅरी ट्रेडचा, म्हणजे स्वस्त व्याजाच्या चलनात कर्ज काढून जास्त व्याजाच्या चलनात गुंतवण्याचा, हिशेब मांडू. समजा कुणी १६ कोटी येन ०.५ टक्क्यानं उचलले, १६०च्या दरानं त्याचे १० लाख डॉलर केले आणि ५ टक्क्यांनी गुंतवले. वर्षाअखेर हातात १०.५ लाख डॉलर, फेडायचे १६.०८ कोटी येन. भागाकार केला की साधारण १५३ येतो. दर १५३च्या वर राहिला तर फायदा, खाली गेला तर तोटा. वर्षभराचा फॉरवर्ड दरही (वर्षानंतरच्या व्यवहारासाठी आजच ठरवलेला दर) याच १५३च्या आसपास असतो, त्यामुळे हेजिंग केलं, म्हणजे तो दर आजच बांधून घेतला, की कमाई संपली. म्हणजे हा धंदा होतो तो जोखीम उघडी ठेवूनच, आणि बहुतेकदा उधारीच्या पैशावर.

१० जुलै २०२४ला दर १६१च्या वर होता. ५ ऑगस्टला तो १४२च्या खाली जाऊन आला. वरच्याच उदाहरणात १४२ला डॉलर विकले तर १४.२ कोटी येन सुटतात, म्हणजे मुद्दलातच १.८ कोटींचा खड्डा. चार आठवड्यांचं व्याज किती? जेमतेम साडेपाच लाख येन. ज्यानं स्वतःचे दहा टक्केच लावले होते, तो पूर्ण धुतला गेला. त्याच दिवशी जपानी शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई १२.४ टक्के कोसळला.

गंमत अशी की त्या दिवशी व्याजातला फरक अजून ५ टक्क्यांच्या घरात होता! फेडनं एकही कपात केलेली नव्हती, ती झाली सप्टेंबरात. बँक ऑफ जपाननं ३१ जुलैला दर ०.२५ टक्का केला, एवढंच. बदलला होता तो अंदाज. अमेरिकेतली महागाई अपेक्षेपेक्षा कमी निघाली, २ ऑगस्टला रोजगाराचे आकडे कच्चे आले आणि फेड आता भराभर कपात करणार असं सगळ्यांनी एकदम धरलं. मग कर्ज फेडण्यासाठी येन परत घ्यायला एकाच दारात गर्दी.

म्हणून मी मध्यवर्ती बँकांनी ठरवलेल्या धोरणात्मक दरापेक्षा दोन्ही देशांच्या दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या परताव्यातला फरक आधी बघेन. पुढच्या बैठकांचा अंदाज त्यात आधीच उतरलेला असतो.

सरकारी हस्तक्षेपाला, म्हणजे येन सावरायला सरकारनं डॉलर विकून येन घेण्याला, लोक जरा जास्तच वजन देतात. (जपानमध्ये तो निर्णय अर्थ मंत्रालयाचा; बँक ऑफ जपान फक्त व्यवहार करते.) एप्रिल-मे २०२४ मध्ये असे ९.७९ लाख कोटी येन विकत घेतले, तरी दोन महिन्यांत दर नव्या उच्चांकावर. जुलैत ५.५३ लाख कोटींचे घेतले आणि ते लागू पडले, कारण तेव्हा अमेरिकेचे आकडेही त्याच दिशेला होते.

आपल्याकडच्या बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज ०.१ टक्का व्याजाचं, ५० वर्षांचं. 'जवळपास फुकट' म्हणून त्याचं कौतुक झालं. पण ते येनमध्ये फेडायचंय. येन रुपयापुढे वर्षाला सरासरी २ टक्क्यांनी वधारला, तर रुपयात ते कर्ज २.१ टक्क्यांना पडेल. घसरत राहिला तर उलट आपलाच फायदा. कुठल्याही आकड्यावर भांडण्याआधी हा हिशेब रुपयात मांडा.