तोंडाला सुटलेले पाणी

माझ्या पुढच्या दाताचा कोपरा चिवड्यातल्या एका न फुललेल्या मक्याच्या दाण्याने उडवला. नाशिककराने चिवड्याविरुद्ध तक्रार करायची नसते, म्हणून सगळा दोष मी दाताला दिला आणि दाताला झिणझिण्या येऊ लागल्यावर सौभाग्यवतींच्या आग्रहाखातर त्यावर लवंगेच्या तेलाचा बोळा धरून कॉलेज रोडवरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी आधी नुसता वास घेतला. "काका, लवंग?" त्यांच्या स्वरावरून मी पकडला गेलो होतो. लवंगेच्या तेलातले युजेनॉल दुखणे शमवते खरे, पण तुटलेला कोपरा भरायला दाताला लावायच्या रेझिनला, म्हणजे दाताच्या रंगाच्या चिकट लगद्याला, ते नीट घट्ट होऊ देत नाही. मग प्यूमिस नावाच्या खरखरीत दगडाची पूड लावून, पितळी समई घासावी तसा माझा दात घासण्यात आला. त्यावर ३७ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल लावून अर्ध्या मिनिटाने धुतले आणि वाळवल्यावर आरशात पाहिले, तर तेवढाच भाग खडूसारखा पांढरा दिसत होता. आम्लाने इनॅमलवर, म्हणजे दाताच्या टणक बाहेरच्या थरावर, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात, त्यांत पातळ रेझिन झिरपते आणि निळ्या प्रकाशाखाली तिथेच घट्ट होऊन मुळ्यांसारखे धरून बसते. इनॅमलवर आम्ल वापरण्याची ही युक्ती बुओनोकोर या दंतसंशोधकांनी १९५५ साली मांडली. त्यांचे संशोधन नाशिकमध्ये झाले असते, तर मिसळीचा विचार त्यांनी नक्कीच केला असता.

कारण नेमक्या त्याच क्षणी खालच्या हॉटेलातून तर्रीचा वास वर आला. गालात कापसाच्या गुंडाळ्या होत्या, ओठाला अडकवलेली नळी लाळ ओढत गुरगुरत होती, तरीही 'तोंडाला पाणी सुटणे' हा वाक्प्रचार मी शब्दशः सिद्ध केला. "गेलं!" बाई म्हणाल्या.

लाळ म्हणजे नुसते पाणी असते, तर हवेच्या फवाऱ्याने काम भागले असते. पण तिच्यातली प्रथिने दातावर पातळ थर धरतात, छिद्रांची तोंडे बुजवतात आणि तो थर वाळवल्याने निघत नाही. रक्त लागले तर आणखी पंचाईत. पोस्टाची तिकिटे आयुष्यभर थुंकी लावून चिकटवलेल्या माझ्या पिढीला, थुंकीमुळे एखादी गोष्ट चिकटत नाही हे पचवणे जरा जडच गेले. आम्ल पुन्हा लागले, पुन्हा धुणे, पुन्हा वाळवणे. यावेळी मदतनीस मुलीने आधी खिडकी लावून घेतली आणि मी मनात फक्त आयकर विवरणपत्राचा विचार करत राहिलो. तोंड लगेच कोरडे पडले.

निळा दिवा विझला. दात पहिल्यासारखा दिसत होता. "आता काय खाल्लेलं चालेल?" मी विचारले.

"सगळं चालेल, फक्त पुढच्या दातांनी कडक काही तोडू नका. मिसळ खा हवी तर."

मदतनीस मुलीने ती नळी पुन्हा माझ्या ओठाला अडकवली.