‘गोधडी पातळ, नक्षी साधी, दोरा मळकट’ : दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. स्टार दोनच दिलेत, पण कारणं नीट लिहिलीत, हे बरं केलंत. नुसतं ‘बेकार’ लिहून जाणाऱ्यांना काय उत्तर द्यावं हेच सुचत नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. आईच्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडीचा वरचा भाग तुम्ही स्वतः शिवला आणि बॅटिंग (मधला भरणीचा थर), अस्तर व क्विल्टिंगसाठी (तिन्ही थर एकत्र शिवण्यासाठी) आमच्याकडे दिला. तुम्हाला मोबाईलवर पाहिलेली दाट पिसांची नक्षी हवी होती, आम्ही मोठ्या वळणांची वेल घातली. दोरा सोनेरी हवा होता, आम्ही राखाडी लावला. गोधडी फुगीर झाली नाही. पहिल्याच धुण्यात आक्रसून सुरकुतली. आणि एवढ्या पैशात गादीवाल्यानं दोन रजया भरून दिल्या असत्या.

शेवटचं बरोबर आहे, दिल्या असत्या. पण त्या दोन्ही तुम्हाला कधी धुता आल्या नसत्या. रजईत पिंजलेला कापूस सुटा भरतात आणि लांब लांब टाके घालतात. पाणी लागलं की तो गोळा होतो. मग उसवा, पुन्हा पिंजून आणा, पुन्हा भरा. तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की ही गोधडी रोज वापरायची आहे, मशीनमध्ये धुवायची आहे आणि उन्हाळ्यात एसी लावून अंगावर घ्यायची आहे. पुढचं सगळं त्यावरून ठरलं.

फुगीरपणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही तक्रार तुमच्या एकटीची नाही. ज्या नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, तिथं कापसाबद्दल प्रत्येकाचं स्वतःचं मत असणारच, आणि ‘कापूस घातला तर जाड का नाही?’ हा प्रश्न मला कायम ऐकावा लागतो. रजईतला कापूस सुटा असतो म्हणून फुगतो. क्विल्टच्या बॅटिंगमध्ये तोच कापूस दाबून, सुयांनी टोचून चादरीसारखा केलेला असतो. तो अंगावर छान पडतो, जागचा हलत नाही, पण उशीसारखा फुगत नाही. फुगवटा हवा असेल तर पॉलिस्टर घ्यावं. ते हलकं, स्वस्त आणि लवकर वाळणारं असतं. ते मी तुम्हाला दाखवलं होतं आणि घेऊ नका असंही सांगितलं होतं. तुमच्या गोधडीत काळ्या चंद्रकळेच्या चांगल्या रुंद पट्ट्या आहेत. वापरून वापरून ते कापड विरलेलं. पांढऱ्या पॉलिस्टरचे बारीक तंतू अशा कापडातून हळूहळू वर येतात, आणि काळ्यावर ते लपत नाहीत. कितीही झटका, परत येतात. शिवाय पॉलिस्टर घाम शोषत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या पुढे जातो आणि रात्री लाइट गेली की एसीही जातो, तेव्हा हे लक्षात येतं. 80 टक्के कापूस आणि 20 टक्के पॉलिस्टरचा मधला पर्यायही होता. ‘आईचं आहे, त्यात सुतीच हवं’ असं तुम्ही म्हणालात. मला तो निर्णय आवडला होता, अजूनही आवडतो.

आता पिसांची नक्षी. ज्या क्विल्टचा फोटो तुम्ही आणला होता, ते कापड नवं, घट्ट विणीचं आणि एकरंगी होतं. पिसं खुलतात ती तशाच कापडावर. चौकडी, बुट्टे, काठ आणि पदर यांच्या गर्दीत ती हरवतात. पैसे पिसांचे जातात आणि दिसते नुसती खडबड. पण माझं खरं कारण वेगळं होतं. आमच्या मशीनवर एका इंचात दहा-बारा टाके पडतात, म्हणजे तितकी भोकं. दाट पिसांमध्ये दोन रेषांत पाव इंच अंतर असतं. नव्या कापडाला त्याचं काही वाटत नाही. पण घडीवर विरलेल्या लुगड्याला, आणि मधोमध लावलेल्या त्या भंडाऱ्याकडच्या जुन्या कोशाच्या रेशमाला, ते झेपलं नसतं. जुनं रेशीम टाक्याच्या रेषेवरच कापलं जातं. आज नाही, पण चार-सहा धुण्यांनंतर. दाट शिवलेली गोधडी ताठही होते. आणि फक्त मधल्या चौकोनात दाट शिवून बाकी मोकळं ठेवलं तर कडा फुगतात, पलंगावर सपाट बसत नाही.

मग मोकळं किती ठेवायचं? यात माझी मर्जी चालत नाही, ते बॅटिंग ठरवतं. तुमच्या बॅटिंगच्या पाकिटावर दोन शिवणींत जास्तीत जास्त चार इंच अंतर ठेवावं असं छापलेलं आहे. त्याहून दूर ठेवलं तर आतला थर धुण्यात फाटतो, सरकतो. म्हणून तीन-साडेतीन इंचांची वळणं घेतली, आणि वेल अशी फिरवली की कोशाच्या पट्टीवर कमीत कमी टाके पडावेत. आणि हेही सांगते, पिसं घातली असती तर आमचं बिल दुप्पट झालं असतं. साधी वेल सुचवण्यात दुकानाचा काही फायदा नव्हता.

दोऱ्याचं थोडक्यात. तुम्ही पसंत केलेली सोनेरी रीळ जरीसारख्या धातूच्या दोऱ्याची होती. भिंतीवर टांगायच्या कामाला तो ठीक. रोज अंगावर घ्यायच्या आणि मशीनमध्ये धुवायच्या गोधडीत तो टोचतो, तुटतो आणि विरलेल्या सुताला घासत राहतो. इतक्या रंगांच्या तुकड्यांवर राखाडी दोरा सगळ्यांत कमी दिसतो, आणि मला लुगडी दिसायला हवी होती, माझी शिवण नाही. 50 नंबरचा सुती दोरा घेतला तोही यासाठीच; दोऱ्याचा आकडा मोठा तितका दोरा बारीक. पिवळ्या तुकड्यांवर राखाडी उठून दिसतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तिथं मलाही हळदी रंग जास्त आवडला असता, पण एकच वेल सलग फिरताना दर तुकड्याला रीळ बदलता येत नाही. खालून मरून दोरा का नाही, असंही विचारलंत. वरच्या दोऱ्याचा आणि खालच्या, म्हणजे बॉबिनच्या दोऱ्याचा रंग फार वेगळा असला की ताण जरा कमी-जास्त होताच एका बाजूचे ठिपके दुसऱ्या बाजूला डोकावतात. मरून अस्तरावर राखाडी रेघा दिसणार, याची कल्पना दिली होती. या सगळ्याचा एक फुटाचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि तुमचा होकार आल्यावरच काम फ्रेमवर चढवलं. अर्थात, होकार दिला म्हणून पूर्ण झालेलं आवडायलाच हवं असं काही नाही, हे मलाही कळतं.

सुरकुत्यांचं म्हणाल तर सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं. तुमची गोधडी 90 इंच रुंद, म्हणजे साधारण पावणेतीन ते साडेचार इंच कमी होणार. वरची लुगडी जन्मभर धुतलेली, ती आता आटत नाहीत, म्हणून टाक्यांच्या मध्ये बारीक चुण्या पडतात. बरेच जण मुद्दाम हेच बॅटिंग मागतात, कारण त्यानं नवी गोधडीही वापरातली वाटते. ज्यांना इस्त्री केल्यासारखी सपाट हवी असते त्यांना हे रूप मुळीच आवडत नाही, आणि तुम्ही बहुधा त्यांतल्या आहात. सुरकुत्या थोड्या कमी करायच्या असतील तर एक करा: ओली असतानाच सपाट जागी पसरून चारही कडा हातानं हलकेच ओढा, आणि सावलीत वाळवा. दोरीवर एका बाजूनं टांगू नका, पाण्याच्या वजनानं जुन्या शिवणी ओढल्या जातात. ड्रायर तर नकोच.

सगळं उसवून पिसं घालून द्या, असंही तुम्ही लिहिलंय. ते मी करणार नाही, दुप्पट पैसे दिले तरी. नव्या कापडावरची भोकं धुतल्यावर बुजतात, या लुगड्यांवर ती तशीच राहतील आणि त्यांच्या शेजारी आपण आणखी पाडू.

मात्र सोनेरी हवंच असेल तर एक करता येईल. चंद्रकळेचं कापड विरलंय, पण काठ अजून दणकट आहे. फक्त त्या काठांच्या कडेनं हातानं धावदोरा घालता येईल, धातूचा नाही, साधा सोनेरी-पिवळा सुती दोरा. आमच्याकडे हातशिलाई करणाऱ्या काकू आहेत, त्यांचा टाका मशीनपेक्षा देखणा पडतो. त्यांच्या मजुरीचे पैसे तुमच्याकडून घेणार नाही. सोमवार सोडून कधीही दुपारी चारनंतर गोधडी घेऊन या, धुऊन आणू नका. काठांवर कुठं आणि किती टाके घालायचे ते तुमच्यासमोर खडूनं आखू, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच सुई लावू.