वडा, सीगल आणि 'जर्मन लोक बघत असतात'

आज सकाळी चहा घेऊन मोबाइल उघडला आणि चहा तिथेच गार झाला.

काल आम्ही आठ जण बर्लिनहून वार्नेम्युंडेला, बाल्टिक समुद्रावर गेलो होतो. चार फोटो इथल्या मराठी ग्रुपवर टाकले. एका फोटोत स्टीलचा डबा दिसतोय, डब्यात बटाटेवडे. झालं! एका सद्गृहस्थांनी लिहिलं, 'बीचवर डबे उघडून बसणं आता तरी सोडा. आपली इमेज खराब होते. जर्मन लोक बघत असतात.' यांना मी आयुष्यात दोनदा भेटले असेन, दोन्ही वेळा गणपतीच्या जेवणाच्या रांगेत. तिथे मात्र वाढप्याला थांबवून तिसरा मोदक घेताना जर्मन लोक आडवे आले नव्हते.

आणि बघतात हो. काल बघतच होते. काय बघत होते ते सांगते.

आमच्यातले तिघं श्रावण पाळणारे. वार्नेम्युंडेला उतरलं की जुन्या खाडीच्या कडेला होड्या लागलेल्या असतात आणि होडीवरूनच पावात हेरिंग घालून विकतात. सगळ्या हवेला तो वास. तिथून या तिघांना तोंड बांधून न्यायचं? म्हणून नागपूरकराने पहाटे उठून वडे तळले. गाडीत डबा मांडीवर घेऊन बसला, तान्हं बाळ न्यावं तसा. बसला म्हणजे निम्मा प्रवास उभाच होता. आमच्या महिन्याच्या पासावर झुकझुक चालणाऱ्या गाड्याच मिळतात. त्यात शनिवार, त्यात ऑगस्ट, सायकली, कुत्री, बाबागाड्या. तीन तास. फोटोत आमचे फक्त दात दिसतात, घाम दिसत नाही.

तर वाळूत बसलो. डबा उघडला. नाशिकच्या मैत्रिणीने पहिला वडा उचलला, 'वास बघ गं' म्हणत हात जरा उंच केला, आणि मागून फडफड... वडा गायब! सीगल. आमच्याकडे रत्नागिरीला कुरव म्हणतात, पण तिथले कुरव इतके माजलेले नाहीत. हे कोंबडीएवढं धूड, पिवळी चोच, आणि दहा पावलांवर बसून आमच्याकडे बघत बघत वडा फोडतंय. सारण खाल्लं, हिरवी मिरची बाजूला काढली. शप्पथ! कोल्हापूरकर म्हणाला, 'एवढे मासे सोडून वडा नेला, म्हणजे हा पण श्रावण पाळतोय.' मग आम्ही जे हसलो, ते हसू मला वाटतं डेन्मार्कपर्यंत गेलं असेल. हो, आवाज जरा जास्त झाला. मान्य.

शेजारी एक जर्मन आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. तिकडे वाळूत वेताच्या झाकणवाल्या खुर्च्या असतात, दोघांपुरत्या, वरून पट्ट्यापट्ट्यांचं कापड, पायाखाली ओढायचे खण. श्ट्रांडकोर्ब म्हणतात. त्यातून त्या उठल्या, आमच्याकडे आल्या, आणि मी मनात 'झालं, आता बोलणी खायची' म्हणेपर्यंत पेपर नॅपकिनचा गठ्ठा पुढे केला. म्हणाल्या, पाठ खुर्चीच्या आत घालून खायचं असतं, हे चोर मागूनच येतात. सीगलना खायला घालू नका अशा पाट्या आहेत, पण आम्ही कुठे घातलं? त्याने घेतलं.

आता या सद्गृहस्थांना मला एवढंच विचारायचंय, त्या आजींच्या खुर्चीत काय होतं माहितीय? डबा! प्लास्टिकचा, निळ्या झाकणाचा. कापलेली गाजरं, उकडलेली अंडी आणि बटाट्याचं सॅलड. बटाटा तोच हो. त्यांनी मेयोनीजमध्ये घातला, आम्ही बेसनात. त्यांच्या बटाट्याने कुणाची इमेज खराब होत नाही, आपल्याच बटाट्याने काय पाप केलंय?

आणि हा असा देश आहे, जिथे त्याच किनाऱ्यावर थोडं पुढे चालत गेलं की एफकेकेची पाटी लागते आणि माणसं अंगावर सुतळीचा तोडासुद्धा न ठेवता व्हॉलीबॉल खेळतात. पूर्व जर्मनीच्या दिवसांपासूनची इथली जुनी रीत आहे ती, कुणी मान वळवून बघतही नाही. आमची नाशिककर शिंपले शोधत शोधत थेट तिथे पोचली आणि पुढचा अर्धा तास फक्त क्षितिजाकडे बघत परत आली. तिथे लाज नाही, आणि मी डब्याचं झाकण उघडायला लाजू? कमाल आहे.

स्पीकर लावला असता तर मी स्वतः बंद केला असता. काही लोक लावतात, आणि ते चूकच आहे. कचऱ्याचं म्हणाल तर आम्ही द्रोणाचा तुकडाही वाळूत ठेवला नाही. बाटल्या तर एकूण एक उचलल्या, एकेका बाटलीचे 25 सेंट परत मिळतात, ते कोण सोडेल?

बरं, ते आजींचं राहिलंच. आम्ही त्यांना वडा दिला. त्यांनी वास घेतला, उलटापालटा केला, मग आपल्या पिशवीतून गोल पाव काढला, कापला आणि वडा आत घातला. कुणीही सांगितलं नव्हतं! आठही जण गप्प. म्हणजे बघा, बटाटा आणि पाव समोर आले की माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. पाव मात्र दगडासारखा. कोल्हापूरकराने तसाच करून खाल्ला आणि टाळू सोलून घेतला. मग आजींनी त्या खुर्चीची गोष्ट सांगितली. 1882 साली रोस्टॉकच्या एका कारागिराने, विल्हेल्म बार्टेलमान नावाच्या, पहिली अशी खुर्ची केली. टोपल्या विणणारा माणूस, आपल्या भाषेत बुरूडच. का केली, तर एका बाईला संधिवात होता, डॉक्टर नको म्हणत होते, पण तिला समुद्रावर बसायचंच होतं. त्यावर आजींनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली आणि हसल्या.

मी लिहायला बसले तेव्हा फार चिडले होते. हे लिहिताना जरा निवळलेय, खरं सांगायचं तर आईमुळे. आमचं घर मांडवीपासून चालत दहा मिनिटांवर. पण आई समुद्रावर नुसती बसलीय असं मला आठवतच नाही. विसर्जनाला जायची, पाहुणे आले की त्यांना दाखवायला जायची, पदर खोचून उभी राहायची आणि 'चला, कुकर लावायचाय' म्हणून परत. आता गुडघे गेलेत, वाळूत पाय टाकवत नाही. काल त्या खुर्चीचा फोटो तिला पाठवला आणि लिहिलं, तुला अशीच आणते. लगेच फोन आला. मला वाटलं गहिवरली असेल.

'काय गो, श्रावणात समुद्रात उतरलात? नारळी पौर्णिमा व्हायचीय अजून!'

आता तिला कसं समजावू की हा समुद्र तो नाही. पहिल्या वर्षी मीही इथे तासभर ओहोटीची वाट बघत उभी होते. भाट्याच्या वाळूत वाढलेली मी, पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर चालायचं एवढंच मला ठाऊक. इथे पाणी हलेचना. बाल्टिकला भरती-ओहोटी वीतभरही नसते. पाणी आपल्या समुद्राच्या निम्म्याहून कमी खारट, आणि ऑगस्टमध्येसुद्धा दात वाजतील इतकं गार. ज्या महिन्यात आपला समुद्र खवळलेला असतो, त्याच महिन्यात इथली माणसं टॉवेल घेऊन धावतात. मी म्हटलं, 'अगं आई, तळ्यासारखा आहे हा.' ती म्हणाली, 'तळं असलं म्हणून काय, दर्याच ना तो?' आणि मग हळूच, 'वडे कुणी केले? फुगले होते का?'

बघा. तिला इमेज नाही दिसली फोटोत. वडे दिसले.

सद्गृहस्थांना अजून उत्तर दिलेलं नाही. कोल्हापूरकर म्हणतोय देऊ नको, गणपतीत भेटतील तेव्हा तिसरा मोदक वाढताना देऊ. येत्या शनिवारी नारळी पौर्णिमा आहे आणि आईने फर्मान काढलंय की एक नारळ सोडायचाच. परत वार्नेम्युंडेला जाण्याची ताकद कुणात नाही. त्यावर तिचं म्हणणं, तुमच्या गावची नदी समुद्राला मिळतेच ना? मिळते खरी. श्प्री जाते हाफेलमध्ये, हाफेल एल्बमध्ये, एल्ब उत्तर समुद्रात. आशियाई दुकानातून नारळ आणलाय. फक्त पुलावरून नदीत नारळ टाकणं इथल्या नियमात बसतं का, ते कुणाला तरी विचारायला हवं. त्याच ग्रुपवर विचारते. त्यांना नक्की माहीत असेल.