पाच मिनिटांत गरुडाची नजर?

गेल्या आठवड्यात रामबागेत राहणाऱ्या माझ्या ताईने मला व्हॉट्सॲपवर एक संदेश धाडला. ‘चष्म्याला कायमचा रामराम’ असे त्याचे शीर्षक होते आणि वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण होती. भाचीचे लग्न वैशाखात ठरले आहे, तिला दोन्ही डोळ्यांना उणे सहाचा नंबर आहे आणि ती कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. ताईचा प्रश्न एका ओळीचा होता, ‘पुढच्या आठवड्यात लेसर उरकून घ्यायचे का?’ मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. इंदूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र, त्यातही प्रकाशशास्त्र, शिकवून निवृत्त झालो आहे. पण तोच संदेश त्या दिवशी आणखी दोन गटांत आल्यावर उत्तर एकट्या ताईला देऊन भागणार नाही, हे ध्यानात आले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: लेन्स सरकून डोळ्यामागे जाते आणि तिने नंबर वाढतो, तरीही वापरायचीच असेल तर ती गुलाबपाण्यात ठेवावी, चष्म्यापेक्षा लेन्सने चांगले दिसते, आणि लेसरने मात्र पाच मिनिटांत नंबर ‘जाळून’ गरुडाची नजर मिळते, दुष्परिणाम शून्य, सकाळी लेन्स काढा आणि दुपारी लेसर करून घ्या, पुन्हा जन्मभर चष्मा नाही.

लेन्स डोळ्यामागे जाऊच शकत नाही. पापणीच्या आतले अस्तर मागे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला चिकटलेले असते, म्हणजे तिथे वाट नसून बंद खिसा आहे. लेन्स फार तर वरच्या पापणीखाली अडकेल. नंबर वाढतो तो वाढीच्या वयात डोळ्याचा गोल लांबत जातो म्हणून. त्याचे खापर लेन्सवर किंवा चष्म्यावर फोडण्यात अर्थ नाही.

लेन्सने अधिक चांगले दिसते, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते, निदान मोठ्या उणे नंबरापुरते. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असते आणि त्या अंतरामुळे उणे सहाच्या चष्म्यातून वस्तू सुमारे ७ टक्के लहान दिसतात, तर बुबुळावरच बसलेल्या लेन्समध्ये हे आक्रसणे जवळजवळ नाहीसे होते. (म्हणूनच चष्म्याच्या उणे सहाला लेन्सचा नंबर सुमारे ५.६ निघतो, दुकानदार फसवत नसतो.) पण हे सुख डोळ्यातल्या पाण्याचा थर टिकेल तोवरचे आहे, कारण दिवसभर पडद्याकडे टक लावून बसणारा माणूस पापण्या कमी मिटतो, लेन्स सुकते आणि संध्याकाळी तीच लेन्स अंधूक दाखवू लागते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तो मुद्दा. लेसर नंबर ‘जाळत’ नाही. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले ते नेमके हेच, की १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील एक्सायमर लेसर शेजारचा भाग न भाजता ऊतीचा सूक्ष्म थर उडवून देतो. प्रयोगाला त्यांनी सणाच्या जेवणातले उरलेले टर्कीचे मांस वापरले होते. या लेसरने कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्याला, नवा आकार देतात. गरुडाची नजर माणसाच्या दुपटीहून तीक्ष्ण असते ती त्याच्या दृष्टिपटलावरच्या दाट पेशींमुळे. पुढची काच कितीही घासली तरी मागचा पडदा माणसाचाच राहणार.

काच घासण्याचाही हिशेब असतो. ढोबळ सूत्र असे की नंबराला घासायच्या वर्तुळाच्या व्यासाच्या वर्गाने गुणून तिनाने भागले की मध्यभागी किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) ऊती काढावी लागेल ते कळते. भाचीच्या उणे सहाला ६ मिलिमीटरचे वर्तुळ घेतले तर ७२ मायक्रॉन, ७ मिलिमीटरचे घेतले तर ९८. कॉर्नियाची मध्यभागची जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते. लेसिक या शस्त्रक्रियेत कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलून खालचा भाग घासतात; त्या पापुद्र्याचे शंभर-सव्वाशे वजा करायचे आणि खाली किमान अडीचशे शिल्लक ठेवायचे. म्हणून वर्तुळ हवे तेवढे मोठे करता येत नाही. अंधारात मात्र तरुण माणसाची बाहुली इतकी विस्फारते की घासलेल्या भागाच्या कडेवरून आलेला प्रकाशही आत शिरतो आणि तो मधल्या प्रकाशाशी एका बिंदूत जुळत नाही. मग चंद्राला पडते तसे दर दिव्याला खळे पडते.

हे माझे तर्कट नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्था व संरक्षण खात्याबरोबर ‘प्राऊल’ नावाचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. लेसिकपूर्वी दृष्टीची कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी एक तरी नवी तक्रार जाणवत होती, आणि त्यांत खळ्यांची तक्रार सर्वांत अधिक होती. कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो सुरू झाला होता. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते आणि रोजच्या कामात फार अडचण येणारे १ टक्क्याहून कमी होते, हेही सांगितलेच पाहिजे. शस्त्रक्रिया वाईट नाही. ‘दुष्परिणाम शून्य’ हे दोन शब्द खोटे आहेत.

दवाखान्यातल्या तक्त्याची शेवटची ओळ वाचली की नजर उत्तम, अशी आपली समजूत आहे. तो तक्ता उजेडात, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा असतो. भाची विजयनगरच्या कार्यालयातून रात्री नऊनंतर स्कूटरने परतते. तिच्यासमोर तक्ता नसतो, समोरच्या मोटारींचे प्रखर दिवे असतात आणि त्यांच्या आड करड्या रस्त्यावर करडी गाय बसलेली असते. ती गाय दिसणे हा नंबराचा नव्हे, फिक्या-गडदातला फरक ओळखण्याचा प्रश्न आहे, आणि तक्ता तो मोजत नाही.

‘सकाळी लेन्स काढा, दुपारी लेसर’ या वाक्याने तर माझा तोल गेला. लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलते. अमेरिकेच्या त्याच अन्न व औषध प्रशासनाची सूचना अशी आहे की मऊ लेन्स तपासणीपूर्वी दोन आठवडे आणि कडक, हवा जाऊ देणारी लेन्स निदान तीन आठवडे बंद ठेवावी; तसे न केल्यास मोजमाप चुकते आणि चुकलेले मोजमाप कायमचे कोरले जाते. कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा विकार याच तपासणीत सापडतो आणि तो असेल तर लेसिक करूच नये.

गुलाबपाण्याबद्दल एवढेच, की ते निर्जंतुक नसते आणि लेन्सवरचे जंतू मारतही नाही. नळाचे पाणीही चालणार नाही: त्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, आणि लेन्सखाली अडकून त्याने कॉर्नियात घर केले तर उपचार महिनोन्‌महिने चालतात व नजर जाऊही शकते. लेन्स तिच्या द्रावणातच ठेवायची, तेही रोज नवे.

‘जन्मभर चष्मा नाही’ हे चाळिशीत कळेल. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर ताठर होते, त्याला बाहेरून कॉर्निया घासून थांबवता येत नाही, आणि वर्तमानपत्रासाठी चाळिशी लागतेच.

ताईला मी फोनवर हे सगळे सांगितले. शस्त्रक्रियेची तारीख वैशाखानंतरची घ्यावी, म्हणजे कोरडेपणा आलाच तर तो लग्नानंतर येईल आणि लग्नात होमाचा धूर झेपेल, आणि डॉक्टरांना कॉर्नियाची जाडी व अंधारातला बाहुलीचा व्यास हे दोन आकडे कागदावर लिहून मागावेत, असे ठरले. भाचीचे म्हणणे वेगळेच होते: यंदा रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, लेन्स घालून पाहायची की चष्मा लावून? चष्मा लावून, मी म्हणालो. काचेवर रंग उडाला तर धुता येतो.