दप्तराविना दहा दिवस आणि लोण्याची सुरी

गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिरांनी पुतण्याच्या शाळेची सूचना टाकली. दप्तराविना दहा दिवस. सहावी ते आठवीच्या मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन थोडं काम शिकायचं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातच तसं म्हटलंय. लगेच जाऊबाई: "एवढी फी भरायची आणि पोरानं रंधा मारायचा?" खाली अंगठ्यांची रांग. मी अर्धं उत्तर टाइप केलं, पाठवलं नाही, आणि रात्रभर धुमसत राहिले.

धुमसायचं कारण माझ्या ओट्यावर आहे. लेकीनं इथे स्वीडनच्या शाळेत, चौथीत, स्लॉइडच्या (म्हणजे लाकूडकाम-शिवणकामाच्या) तासाला केलेली बर्चच्या लाकडाची लोण्याची सुरी. कितीतरी आठवडे चाललं होतं. झाली गुळगुळीत म्हणून ती बाईंकडे न्यायची, बाई पाण्यात बुडवायला लावायच्या. लाकडाचे तंतू पुन्हा उभे राहायचे, की परत पॉलिश पेपर. शेवटी जवसाचं तेल. पातं जरा डावीकडे वळलंय, म्हणून ती डावखुऱ्या आजीसाठी आहे असं तिनं जाहीर करून टाकलं.

इथे हा विषय नववीपर्यंत असतो, सगळे मिळून ३३० तास, आणि त्याला गणितासारखीच श्रेणी मिळते. मुलगे शिवणयंत्रावर, मुली करवतीवर, कुणाला त्यात काही वाटत नाही. ऑट्टो सालोमन या स्वीडिश शिक्षणतज्ज्ञानं नेसच्या वाड्यात १८७० च्या दशकात शिक्षकांना हे शिकवायला सुरुवात केली, पुढे परदेशांतूनही शिक्षक तिथे यायला लागले. (त्याच देशात हल्ली सगळं फर्निचर खोक्यातून येतं, ते जाऊ दे.)

आणि आपण? १९३७ साली गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची नई तालीम मांडली ती वर्ध्यातच ना? माझ्या शाळेत तिचं उरलं होतं ते कार्यानुभव. आईनं रात्री जागून विणलेल्या क्रोशाच्या रुमालाला मला दहापैकी नऊ मिळाले होते. एक मार्क का कापला, यावर आई आठवडाभर नाराज.

जाऊबाईंचा राग फीवर नाहीच. रंधा, चाक, बांबूची पाटी म्हटलं की आपल्याला आधी जात आठवते. ओरिगामीला जात चिकटलेली नाही. म्हणून त्याच ग्रुपवर मे महिन्यात, शिबिरातल्या कागदी बगळ्याच्या फोटोवर बदामांचा पाऊस पडला होता. पुतण्यानं सुपं वळली असती तर कुणी फोटो काढला असता का?

हे सगळं मी तावातावानं नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "आणि तू काय विचारलं होतंस?"

विचारलं होतं खरं. लेक पाचवीत असताना, शिक्षकांबरोबरच्या गप्पांत, स्लॉइडचे तास कमी करून गणिताला देता येतील का म्हणून. बाई हसल्या नाहीत. नुसतं "नाही" म्हणाल्या.

त्याच वर्षी शाळेत वेगवेगळ्या देशांच्या कलांचा दिवस होता. कुणी अरबी सुलेखन मांडलं, कुणी पोलिश कातरकाम. मी वारली घेतली. तपकिरी कागद, पांढरा पोस्टर कलर, दोन त्रिकोण जोडले की माणूस. "आमची परंपरा" असं ऐटीत सांगितलं. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर लिहितात, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीनं. तो कागदावर आणून जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळं मी आदल्या रात्री वाचलं होतं. आमच्या घरात वारली होती ती सोफ्याच्या उशीवर. लेकीनं मध्येच विचारलं, "तुझ्या आजीच्या भिंतीवर पण असायचं?"

मी हो म्हटलं.

नोव्हेंबरात इथे साडेतीनला अंधार पडतो आणि अशा गोष्टी उगाच आठवत राहतात. परंपरा सांगायला मी कुणाच्या तरी भिंतीवरून उचलली, आणि ज्यांची ती आहे त्यांच्या पाड्यावर एकदाही गेले नाही. जाऊबाई निदान जे वाटतं ते बोलतात तरी.

अर्धं उत्तर अजून फोनमध्येच आहे. काल त्यांचाच वेगळा मेसेज आला: "येताना ते तुमच्याकडचे लाल लाकडी घोडे चार आण गं. हातानं रंगवलेलेच हवेत, मशीनचे नको."

आणते म्हणाले.