कमल बस्तीचा दगड मराठी नाही, आणि नसला तर बिघडत नाही

आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात चौथ्यांदा आला. सार असं: बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, हे मुळात महादेवाचं देऊळ. खांब बघितले तरी कळतं. कदंबांच्या राणी कमलादेवीनं ते बांधलं. किल्लाही तेव्हाच, १२०४ साली उभा राहिला. दिगंबर मुनींना मालमत्ताच नसते, मग जैन मठ कुठून येणार? आणि याचा पुरावा असलेला मराठी शिलालेख इंग्रजांनी लंडनला नेला. खाली हात जोडलेले, ‘पुढे पाठवा’.

कमलादेवी खरी आहे. ती शिवचित्त पेर्माडीची राणी, बाराव्या शतकातली. पण तिचं देऊळ कित्तूर भागातल्या देगावात, आणि तेही विष्णूचं, कमलनारायण. बस्तीतलं ‘कमल’ बघायचं तर मंडपात उभं राहून मान वर करावी लागते. छतातून खाली उतरलेलं दगडी कमळ आहे, पाकळ्यांचे थर एकात एक. मान अवघडते, तरी नजर निघत नाही.

१२०४ हे साल बस्तीचं आहे. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचण यानं वेणुग्रामात, म्हणजे बेळगावात, ‘रट्ट जिनालय’ बांधलं, ही नोंद त्या वेळच्या लेखांतच आहे. तेच साल कुणीतरी अख्ख्या किल्ल्याला चिकटवलं. आज खंदकाच्या कडेनं जाताना दिसणारा तट आदिलशाहीत बांधून भक्कम झालेला.

खांबांवरून महादेवाचं देऊळ ठरवणं तर गमतीचंच. लेथवर फिरवल्यासारखे ते गुळगुळीत काळे खांब चालुक्य वळणाचे, आणि त्या काळात या मुलखात सगळीकडं तेच वळण होतं. पाथरवट तेच, गिऱ्हाईक वेगळं. गाभाऱ्यात जैनांचे तीर्थंकर नेमिनाथ बसलेत.

आता मठाचं. या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त फसवतो. मुनी काही बाळगत नाहीत, चातुर्मास सोडला तर एका जागी थांबत नाहीत. पण बस्तीला दिवाबत्ती लागते, पूजा लागते, डागडुजी लागते, आल्यागेल्या यतींच्या जेवणाची सोय लागते. ती कुणी बघायची? १२०४ चं दान मुनींच्या ओंजळीत पडलेलं नाही. ते बस्तीसाठी होतं आणि तिथले आचार्य शुभचंद्र भट्टारक यांच्या हाती सोपवलेलं होतं. नुसती जमीन नव्हे, बाजारातल्या मालावरचा हिस्साही. देणाऱ्यांत लाट म्हणजे गुजरातकडचे आणि मलेयाळ मुलखातले व्यापारी होते. बेळगावची बाजारपेठ तेव्हाही लांबच्या माणसांची होती म्हणायची! भट्टारक म्हणजे मठाच्या गादीवर बसून कारभार बघणारे जैन धर्मगुरू, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीचा भट्टारकांचा मठ कुणाला माहीत नाही?

राहिला शिलालेख. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तो आहे, हे खरं. पण तो एक नाही, दोन आहेत, आणि भाषा जुनी कन्नड, मध्ये संस्कृत श्लोक. मराठीचा एक शब्द घुसवायला मी काही तयार नाही. आपला सीमाप्रश्न १९५६ नंतर इथं राहिलेल्या माणसांच्या बोलीवर उभा आहे, रट्टांच्या दगडावर नाही. आणि कर्नाटकातल्या जैन ठिकाणी जुनी मराठी बघायचीच असेल तर श्रवणबेळगोळला जावं. गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ कोरलेलं आहे. ते खरं सोडून हे खोटं कशाला फिरवायचं?

मेसेज पाठवणारे आमचे थोरले काका. फोन करून हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे तिथं महादेव नाहीच?”

“तिथं नाही,” म्हटलं. “कपिलेश्वर आहे की, ओव्हरब्रिजजवळ. सोमवारी जाऊया.”